चारशे पांढऱ्या टोप्या

जो टॉवर मी एकट्यानं उभा केला असं मी अर्ध्या वसईला पटवून दिलंय, त्याच टॉवरच्या दारातून गेल्या रविवारी मला मागच्या बाजूला पिटाळलं.

दुबई मरीना, भर दुपार. मुलानं खलिफा सिटीहून गाडीनं आणलं, दारात उतरवलं, "पपा, इथं थांबलो तर फाइन येईल, झालं की कॉल करा," म्हणाला आणि गेला. माझ्या एका हातात सुकेळीची, म्हणजे वाळवलेल्या केळ्यांची पुडी, दुसऱ्या हातात सुपरमार्केटची पिशवी. पिशवीत एक जुनी साइटवरची टोपी, म्हणजे तुमच्या भाषेत हेल्मेट. आत एसी असा, की दोन पावलांत माझ्या मिशीवर दव पडलं. ऊदाचा वास. काळ्या सुटातला गार्ड लगबगीनं आडवा आला.

"अंकल, डिलिव्हरी बॅक साइड से."

"मैं गेस्ट हूँ. थर्टी-वन."

त्यानं माझ्या चपला पाहिल्या, मग पिशवी, मग चेहरा. याच क्रमानं. "बॅक साइड से भी थर्टी-वन जाता है, अंकल."

वाद मी घातला असता. एकदा एअरपोर्टवर वाद घालून मी धावपट्टीवरचं विमान परत बोलावलं होतं, पण ती गोष्ट वेगळी. त्या दिवशी माझं तोंडच उघडेना. वर, एकतिसाव्या मजल्यावर, एका बाईला मला एका प्रश्नाचं उत्तर द्यायचं होतं. सगळं तोंड तिच्यासाठी राखून ठेवलं होतं.

बाईचं नाव नसीम. साइटवर माझ्याबरोबर असलेल्या इस्माईलमामूची मुलगी. महिन्यापूर्वी तिचा फोन आला, नंबर कुठून मिळवला देव जाणे. "काका, तुम्ही स्टोअरवाले वसईकर ना? अब्बा गेले, गेल्या वर्षी. तुमचं नाव ते घ्यायचे. मला एकच विचारायचंय. त्यांनी खरंच रंग चोरला होता का?" मी फोन दुसऱ्या कानाला लावला. पलीकडून ती म्हणाली, "गावात त्यांना मरेपर्यंत पेंटवाला म्हणायचे, काका. हसून म्हणायचे. माझ्या लग्नाची बोलणी त्याच्यावरून दोनदा मोडली. अम्मी अजून आहे. तिला एकदा नक्की काय ते सांगायचंय. फोनवर नका सांगू. घरी या. आम्ही मुद्दाम त्यांच्याच बिल्डिंगमध्ये राहतो."

तर मी मागून गेलो. सर्व्हिस लिफ्टला कचऱ्याचा, फिनेलचा आणि चार वेगवेगळ्या बिर्याण्यांचा वास होता. आत चाळिशीचा एक डिलिव्हरीवाला, पाठीवर चौकोनी डबा, डोक्यावर हेल्मेट, गळ्यातून घामाच्या धारा.

"चाचा, पहली बार?"

"यह बिल्डिंग मैंने बनाई है."

"अच्छा," तो म्हणाला. रोज दहा जण त्याला हेच सांगत असावेत. लिफ्टनं हिसका दिला, त्याचं डोकं पत्र्यावर आदळलं.

टॉक.

त्या एका आवाजासरशी एकतीस मजल्यांचे कपडे उतरले. काचा गेल्या, संगमरवर गेला, ऊदाचा वास गेला. राहिले उघडे स्लॅब, गंजाचा वास, ओल्या सिमेंटचा वास आणि सकाळचे सहा.

सकाळी सहाला कॅम्पच्या बसा फाटकाशी रिकाम्या व्हायच्या. चारशे माणसं चार रांगांत उभी राहायची आणि मग कर्नल यायचा. कर्नल कुठल्याच सैन्यात नव्हता. फोरमन होता, आपल्याच मुलखातला, मराठीत शिव्या देणारा. त्याच्या हातात दीड हाताचा लोखंडी पाइप असायचा आणि त्या पाइपनं तो माणसं मोजायचा. प्रत्येक पिवळ्या टोपीवर एक ठोका. टॉक, एक. टॉक, दोन. टॉक, तीन. पांढऱ्या टोपीला तो "गुड मॉर्निंग, सर" म्हणायचा, निळ्या टोपीचं नाव घ्यायचा. पिवळ्याला नाव नव्हतं, आवाज होता.

स्टोअरच्या खिडकीत बसून मला त्या आवाजावरून अख्ख्या दिवसाचं हवामान कळायचं. आदल्या दिवशी काँक्रीट बिघडलं असलं, तर ठोका टोपीतून कवटीत, कवटीतून मणक्यात उतरायचा. मी शपथेवर सांगतो, आमच्याकडे सहा फुटी आलेले लोक दोन वर्षांत पाच फूट आठ इंचाचे होऊन परत गेले. एकाच्या कानातून रक्त आलं, तेव्हा कर्नल म्हणाला, "टोपी ढिली बांधतोस, दुसरं काय." पुढच्यावर गेला. टॉक, दोनशे सतरा.

रंगांचं गणित सोपं होतं. पांढरी टोपी गोऱ्यांची आणि त्यांच्या आसपासच्यांची. निळी आमच्यासारख्यांची, ज्यांना इंग्रजीत "येस सर" म्हणता यायचं. पिवळी उरलेल्या जगाची. टोपी शिक्षणावर ठरते असं कागदावर होतं. पण गोऱ्यांच्या मुलखातून आलेला प्लंबर पहिल्या दिवसापासून पांढऱ्या टोपीत फिरायचा, आणि आमचा पुण्याचा सुवर्णपदकवाला इंजिनीयर तीन वर्षं निळ्या. मेस तीन होत्या, सीनियर, ज्युनियर, लेबर. संडास तीन. पिण्याच्या पाण्याचे कूलर दोन, तिसरा नव्हताच. पिवळ्यांना गच्चीवरच्या टाकीचं पाणी, जे जुलैत असं उकळायचं की नळाखाली चहापत्ती धरली की चहा तयार. लेबर मेसमध्ये बर्फाच्या एका लादीवरून एकदा अशी मारामारी झाली की डाळीच्या पळ्यांनी माणसं फुटली. अकरा जणांचे दात डाळीत सापडले. बरं, चार जणांचे.

आणि ऊन. ते ऊन मला कुणी विचारावं. कावळे पायी चालायचे. पारा थर्मामीटरमधून उतरून सावलीत बसायचा. समुद्राकडून दमट हवा यायची ती अंगाला ओल्या घोंगडीसारखी चिकटायची, आणि सळईला उघडा हात लागला तर कातडी सळईवर राहायची, माणूस पुढं जायचा.

पण सगळ्यांत मोठा रंग होता हॉइस्टचा. हॉइस्ट म्हणजे इमारतीच्या बाहेरून चढणारा लोखंडी पिंजरा. असे दोन पिंजरे होते. एक स्टाफचा, पांढऱ्या आणि निळ्या टोप्यांसाठी. दुसरा मालाचा. मालाच्या पिंजऱ्यात आधी सिमेंट चढायचं, मग सळई, मग टाइल्स, मग उरलेल्या वेळात माणूस. वेळ कधीच उरायचा नाही. म्हणून पिवळ्या टोप्या जिन्यानं चढायच्या. एकतीस मजले, सकाळी एकदा, जेवणानंतर एकदा. जिन्याला अजून कठडा नव्हता. अंधारात फक्त श्वास ऐकू यायचे, चारशे भाते एकदम चालावेत तसे, आणि बाहेरून स्टाफचा पिंजरा बहुतेक वेळा रिकामा, सर्रकन वर जायचा.

इस्माईलमामू त्या जिन्यातला सगळ्यांत म्हातारा माणूस. रत्नागिरीकडच्या खाडीकाठचा, पन्नाशीचा, सळई बांधणारा. त्याच्या तळहाताला इतके घट्टे की मी त्यावर बाटलीचं बूच उघडायचो. स्टोअरला यायचा हातमोजे बदलायला. थिनरचा, नव्या दोरखंडाचा, रबरी बुटांचा वास, आणि त्यात माझ्या खणातल्या सुकेळीचा गोड, धुरकट वास. दर सुट्टीनंतर मी वसईहून सुकेळी आणायचो. मामू केळ्याच्या पानाची गाठ सोडायचा, एक उचलायचा, हुंगायचा आणि खिडकीला टेकून म्हणायचा, "हां वसईकर, मार एक थाप."

माझ्या थापांचं असं गिऱ्हाईक मला पुन्हा मिळालं नाही. आमच्या विहिरीतल्या मगरीनं पाद्रीबाबांची छत्री गिळली ती थाप त्यानं सात वेळा ऐकली. शेवटी म्हणायचा, "यल्ला, चल, आता हातमोजे दे. खरे दे, थाप नको."

मग ऑगस्टमध्ये रामुलू बसला.

रामुलू तेलंगणाचा, मामूच्या गँगमधला. जेवणानंतर चढताना एकोणिसाव्या मजल्यावर, जिन्याच्या वळणावर बसला. मागचे त्याला ओलांडून गेले, कारण रोजच कुणीतरी बसायचं. संध्याकाळी उतरतानाही तो तसाच बसलेला होता. तोंड उघडं, टोपी मांडीवर. मी या माणसाबद्दल काही वाढवून सांगत नाही. त्याला खाली आणायचं होतं, जिन्यातून जमेना, तेव्हा कर्नलनं स्टाफचा हॉइस्ट मागवला. त्या साइटवर स्टाफच्या पिंजऱ्यात चढलेला पहिला पिवळ्या टोपीचा माणूस रामुलू. खाली उतरल्यावर कर्नलनं रजिस्टर पूर्ण करायला त्याच्या टोपीवरही एक ठोका दिला. हलकाच दिला. आवाज मला खिडकीपर्यंत आला.

दुसऱ्या दिवशी मामू आला. सुकेळीला हात लावला नाही.

"वसईकर, पांढरा रंग दे."

"किती?"

"चारशे डोक्यांपुरता."

मी हसलो. तो हसला नाही. "कर्नल पांढऱ्या टोपीला मारतो का? नाही मारत. हॉइस्टवाला पांढऱ्याला अडवतो का? नाही अडवत. त्याला माणूस कुठं दिसतो, त्याला टोपी दिसते. मग टोपीच बघू दे."

"मामू, डिपोर्ट करतील."

"जिना चढून मरण्यापेक्षा विमानात बसून जाऊ. निदान बसून जाऊ."

चावी माझ्या कमरेला होती. मामूला कुलूप फोडायची गरजच नव्हती. पण आता नीट ऐका, कारण या गोष्टीचं सगळं हाड इथं आहे. स्टोअरमध्ये पांढरे रंग दोन होते. एक ऑइल पेंट, टोपीवर बसला की कयामतपर्यंत निघणार नाही असा. त्याच्या प्रत्येक डब्यावर नंबर होता आणि नंबरापुढं माझी सही. दुसरा पाण्यात कालवायचा भिंतीचा प्रायमर, त्याचे ड्रम मोकळेच पडलेले, कुणी हिशेब न ठेवणारे. मामूनं ऑइल पेंट मागितला होता. मी प्रायमर दिला. म्हणालो, "हाच चांगला, मामू. अर्ध्या तासात वाळतो." वाळतो हे खरं होतं.

शुक्रवारी सुट्टी. दुपारच्या नमाजानंतर कॅम्पच्या गच्चीवर चारशे टोप्या रंगल्या. वसईच्या किनाऱ्यावर बोंबील वाळत घालावेत तशा दोऱ्यांवर रांगेनं टांगल्या होत्या. खालून ओल्या चुन्यासारखा वास येत होता. त्या दिवशी पहिल्यांदा मी ती माणसं बोडक्या डोक्यानं एकत्र पाहिली. कुणाच्या टाळूवर टेंगूळ, कुणाच्या भांगात जुनी चीर, कुणाचे केस पाइप पडायचा तेवढ्याच वर्तुळात गेलेले. हिंदी, तेलुगू, पश्तो, बंगाली, सगळ्या भाषांत हशा. एक पठाण ब्रश घेऊन माझ्या निळ्या टोपीकडे वळला, "तुम भी, हबीबी." मी टोपी काखेत घट्ट धरली. म्हणालो, मला डोकेदुखी आहे.

शनिवारी सहाला बसा रिकाम्या झाल्या. कर्नल आला, पाइप उचलला आणि थांबला.

फाटकापासून क्रेनपर्यंत नुसतं पांढरं. जणू रातोरात चारशे मॅनेजर आयात झाले होते. पाइप हवेत, तोंड उघडं. पहिल्या टोपीखाली कोण आहे हे बघायला तो वाकला, पण वाकल्यावर त्याची जीभ सवयीनं "गुड मॉर्निंग" म्हणून गेली. हे मी वाढवून सांगत नाही, वाढवायला जागाच नाही. चारशे तोंडांतून उत्तर आलं, "गुड मॉर्निंग, सर." आणि रांगा हलल्या. जिन्याकडे नाही, स्टाफच्या हॉइस्टकडे. हॉइस्टवाल्यानं पांढरी टोपी पाहिली आणि पिंजऱ्याचं दार ओढलं. वीस माणसं आत. सर्रकन वर. पुन्हा खाली. पुन्हा वीस.

दोन तास. दोन तास त्या टॉवरवर एकही ठोका वाजला नाही. जिन्यात एकही श्वास नव्हता. मामू तिसऱ्या खेपेला चढला, आणि कुठल्याशा निमित्तानं खाली येऊन माझ्या खिडकीत डोकावला. डोळे असे, की पंधरा वर्षांचा. "वसईकर, वर जाताना समुद्र दिसतो रे. दोन वर्षं समुद्राच्या कडेला काम करतोय, आज पहिल्यांदा दिसला. जिन्यात सगळा वेळ पायच बघत होतो."

आठ वाजता दमट हवा चढली. घाम सुटला. प्रायमर सुटला.

आधी कपाळावर एखादा थेंब, मग कानशिलावरून धार. दूध उतू जावं तशी चारशे डोकी उतू गेली. पांढरे ओघळ भुवयांतून, मिशांतून, डोळ्यांत. चुरचुरणारे डोळे माणसं मनगटानं पुसायची आणि मनगट पांढरं व्हायचं. मामू खालीच होता, सळईच्या गठ्ठ्याशी. कर्नल त्याच्या बाजूनं गेला तेव्हा मामूच्या टोपीच्या कडेवरून एक थेंब कर्नलच्या इस्त्रीच्या बाहीवर पडला. कर्नलनं तो बोटावर घेतला. मग त्याच बोटानं मामूची टोपी पुसली. खालून पिवळा निघाला.

पाइप वर गेला. मामूनं हात वर केला, मारायला नाही. टोपी काढली, काखेत धरली, आणि बोडकं डोकं पुढं केलं. मराठीतच म्हणाला, म्हणजे कर्नलला तर्जुमा लागू नये. "आता मोज. टोपी किती वर्षं मोजतोस, डोकं मोज."

कर्नलनं मोजलं.

तो टॉक नव्हता. त्या आवाजाला माझ्याकडे अक्षर नाही. ओलं काहीतरी. मामू गुडघ्यावर बसला आणि पांढऱ्या ओघळांमधून लाल ओघळ आला, जाड, संथ. दोन रंग हनुवटीपर्यंत वेगळे वाहिले, मग मिसळले. त्यानं टोपी सोडली नाही. "एक," तो म्हणाला. त्यानं स्वतःच मोजला.

पुढचं वसईत मी शंभरदा सांगितलंय. चारशे माणसांनी टोप्या काढल्या आणि आकाशातून दगडांचा पाऊस पडावा तशा त्या कर्नलच्या केबिनवर पडल्या. काचा फुटल्या, पत्रा दबला, पंखा तुटून लटकला. पठाणानं हॉइस्टचं दार बिजागरासकट उपटलं आणि ढालीसारखं धरलं. गार्ड काठ्या घेऊन धावले, काठ्या मोडून परतले. कुणाचा खांदा निखळला, कुणाचं नाक बसलं. एका गार्डाचा कान कुणीतरी चावला आणि तो गार्ड स्वतःचा कान धुळीत शोधत होता. कर्नलचा पाइप चार जणांनी हिसकावून कॉलमच्या ओल्या काँक्रीटमध्ये उभा खुपसला. तो आजही तिथं आहे, तळमजल्यावर, त्या संगमरवराच्या आत. वसईच्या गोष्टीत मी या सगळ्याच्या मधोमध असतो. डाव्या हातानं दोन गार्ड, उजव्यानं तीन.

मी स्टोअरच्या टेबलाखाली होतो. सिमेंटच्या दोन गोणी समोर ओढून घेतल्या होत्या. निळी टोपी डोक्यावर होती आणि दोन्ही हात टोपीवर.

दुपारी फाटकाबाहेर पोलिसांच्या गाड्या उभ्या राहिल्या. सगळं शांत झालं. कंपनीच्या मोठ्या साहेबांच्या केबिनमध्ये मामूला आणि मला उभं केलं, एसी चालू होता. मामूच्या डोक्याला नऊ टाके, वर पट्टी, पट्टीवर ठिपका. साहेबानं विचारलं, "पेंट किसने दिया?"

माझ्या कमरेची चावी इतकी जड झाली की पँट खाली येईल असं वाटलं. मामूनं माझ्याकडे पाहिलंही नाही.

"दिया नहीं साब. मैंने चुराया. स्टोअर का ताला कच्चा है."

साहेब माझ्याकडे वळला. "ताला खराब था?"

आयुष्यभर मी थापा मारल्या. लांब, रंगीत, मगरींच्या आणि विमानांच्या. त्या दिवशी मी सगळ्यांत छोटी मारली. तीन शब्दांची.

"जी, खराब था."

तिसऱ्या दिवशी मामूला एअरपोर्टला नेलं. बसच्या खिडकीतून त्यानं हात केला, मी लांबूनच केला. त्याची टोपी मला आवारात सापडली. पुढच्या आठवड्यापासून पाइपची मोजणी बंद झाली; हजेरीची कार्ड आली, नावासकट. उन्हाळ्यात दुपारी हॉइस्ट सगळ्यांना खुला झाला, आणि गच्चीच्या टाकीशेजारी तिसरा कूलर बसला. माणसं कूलरशी रांगेत उभी राहून गार पाण्याचा पेला कपाळाला लावायची आणि मग प्यायची. त्या पाण्याचा घोट मीही घेतला एकदा. गोड होता. वर्षाच्या शेवटी मला पांढरी टोपी मिळाली. खरी, कंपनीची. घाम आला तरी तिचा रंग सुटायचा नाही.

सर्व्हिस लिफ्टचं दार उघडलं. डिलिव्हरीवाला तिसाव्यालाच उतरून गेला होता. मी एकतिसाव्यावर, कचऱ्याच्या खोलीशेजारी उभा होतो.

नसीमनं दार उघडलं, माझ्या मागं पाहिलं आणि तिच्या लक्षात आलं. "मागून पाठवलं तुम्हाला?" ती गार्डला फोन करायला निघाली.

"राहू दे. मला तीच लिफ्ट ठीक होती."

घरात तांदळाच्या घावण्यांचा आणि कोळंबीच्या कालवणाचा वास. मोठ्या काचेतून समुद्र, मामूनं त्या सकाळी पाहिला असेल तोच. तिची आठ वर्षांची मुलगी सोफ्यावर. मी सुकेळी दिली, तिनं हुंगली. "व्हॉट इज धिस? स्मेल्स लाइक अ कॅम्पफायर." नसीमनं एक तोंडात टाकली आणि डोळे मिटून चघळत राहिली. "अब्बा म्हणायचे, वसईकर दोन गोष्टी आणायचा, सुकेळी आणि थापा. म्हणायचे, त्याच्यासारखी थाप उभ्या कोकणात कुणी मारत नाही." मग डोळे उघडून तिनं माझ्याकडे पाहिलं. "म्हणून काका, आज तेवढी नका मारू."

मी पिशवीतून टोपी काढली आणि टेबलावर ठेवली. पिवळी, तिच्यावर पांढरे पोपडे, कडेला तपकिरी डाग, काथासारखा. ती हात लावेना.

मी सांगितलं. मगर नाही, पाच गार्ड नाहीत. चावी माझ्याकडे होती. दार मी उघडलं. त्यांनी चांगला रंग मागितला, मी माझी सही वाचवायला हलका दिला, आणि तो हलका होता म्हणून घामात उतरला, आणि तो उतरला म्हणून तुझ्या बापाचं डोकं फुटलं. साहेबानं विचारलं तेव्हा मी तिथंच होतो, आणि म्हणालो, ताला खराब होता. तुझ्या बापानं आयुष्यात एक खिळा चोरला नाही. इतकंच. सांगायला चार मिनिटं लागली. मी मोजली नाहीत, भिंतीवर घड्याळ होतं.

मग तिनं फोन उचलला, गावाकडे लावला. "अम्मी," म्हणाली, "बस जरा खाली. एक माणूस बोलणार आहे." आणि फोन माझ्या हातात दिला.

पलीकडे म्हातारीचा श्वास, मागं कोंबड्या. मी पुन्हा पहिल्यापासून सांगितलं. मधे ती एकदाच बोलली. "चावी तुझ्याकडं होती?" मी म्हणालो, हो. "बरं," म्हणाली. फोन बंद झाला.

मग मला काय सुचलं कोण जाणे. मी ती टोपी उचलली, डोक्यावर चढवली, नसीमसमोर मान खाली घालून उभा राहिलो. म्हणालो, "मोज."

सोफ्यावरून मुलगी म्हणाली, "मम्मा, व्हॉट इज ही डूइंग?"

नसीम उठली. जवळ आली. मला वाटलं, खांद्यावर हात ठेवेल, काका बसा, घावणे गार होतायत म्हणेल.

"टोपी काढा," ती म्हणाली.

मी काढली. टक्कल आहे मला आता. एसीचा गार झोत थेट टाळूवर आला. तिनं मूठ वळली, बोटांची हाडं खाली केली आणि हात उचलला.

"एक," नसीम म्हणाली.

लागलं. हे मी वाढवून सांगत नाही.